पाठवण्याचे अकरा प्रकार

मंगळवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी मसुदनीसांचं पत्र परत आलं आणि वजनमाप कचेरीच्या दुसऱ्या मजल्यावर पंखा सोडून सगळं थांबलं.

मसुदनीस हे त्यांचं आडनाव नव्हे. कचेरीतून जे काही लिहून बाहेर जाई त्याचा मसुदा तेच करत, म्हणून कचेरीनं त्यांना ते बहाल केलं होतं. त्यांनीही ते इतकं मनावर घेतलं होतं की दूधवाल्याच्या चिठ्ठीवर सही करण्याआधीसुद्धा ते तिच्यातला एखादा स्वल्पविराम हलवत. गेल्या एकोणीस वर्षांत त्यांचा एकही मसुदा परत आला नव्हता. तीन साहेब आले, सह्या करून गेले. पंधरा दिवसांपूर्वी मॅडम आल्या. मॅडमना एक वाईट खोड होती. त्या सही करण्याआधी वाचत.

पत्र साधंच होतं. वर्षातून एकदा कचेरीतली प्रमाण वजनं, म्हणजे ज्यांच्याशी गावभरच्या दुकानांतली वजनं ताडून पाहायची ती मूळ वजनं, वरच्या कचेरीत तपासणीला जातात. ती कधी पाठवू, कोणाबरोबर पाठवू, पाठवल्याची पोच कधी पाठवाल, एवढंच विचारायचं होतं. वरच्या कचेरीशी बोलणं इंग्रजीत. अकरा ओळींत ‘सेंड’ नऊ वेळा आलं होतं. मॅडमनी त्या नवांभोवती तांबडी वर्तुळं काढली होती आणि खाली लिहिलं होतं : “एकच क्रियापद माहीत आहे का?”

जावकबाई, म्हणजे बाहेर जाणाऱ्या पत्रांना क्रमांक देणाऱ्या, मान लांब करून म्हणाल्या, “अगंबाई, भाऊसाहेब! पत्राला कांजिण्या आल्या की काय?”

मसुदनीसांनी कागद उलटा केला. पण शाई पलीकडूनही दिसत होती.

प्रश्न नुसत्या अब्रूचा असता तर त्यांनी तो चहाबरोबर गिळला असता. पण ते तीन वर्षं ‘प्रभारी’ मुख्य मसुदाकार होते. प्रभारी म्हणजे काम सगळं आणि मान उसना. पद कायम व्हायचं तर मॅडमचं शिफारसपत्र पुढच्या शुक्रवारी चार वाजायच्या आत वरच्या कचेरीत पोचायला हवं होतं. नाहीतर पदच रद्द होणार होतं, आणि मसुदनीस पुन्हा साधे कारकून होऊन खिडकीजवळच्या जागेवरून दाराजवळच्या, येणारा-जाणारा ज्या जागेवर छत्री ठेवतो त्या जागेवर जाणार होते. घरी बायकोनं तर पद कायम झाल्याचं केव्हाच सांगून टाकलं होतं. इमारतीत चोवीस बिऱ्हाडं होती आणि त्यांतल्या बावीस बिऱ्हाडांनी अभिनंदनही करून झालं होतं. उरलेली दोन गावाला गेली होती.

मॅडम स्पष्ट म्हणाल्या, “शिफारस करायला माझी ना नाही. पण मसुद्याचा मुख्य माणूस एका क्रियापदावर संसार करतो, असं वर कळलं तर माझी शोभा होईल. काहीतरी करून दाखवा.”

मसुदनीसांनी संध्याकाळी घरी जाऊन टेबल पुसलं, कागद लावला आणि मथळा लिहिला : ‘सेंड : अर्थ व पर्याय’. मथळ्याखाली दुहेरी रेघ मारली. मग अर्धा तास त्या रेघेकडे पाहत बसले.

“त्यात काय अवघड आहे?” बायको कपड्यांच्या घड्या घालत म्हणाली. “आपल्याकडे नाही का? मुलीला सासरी पाठवतात, माणसाला कामावर धाडतात, सामान रवाना करतात, पाहुण्यांची बोळवण करतात, पोरांना खेळायला पिटाळतात, देणगी मागायला आलेल्याला वाटेला लावतात, आणि नको असलेलं लचांड दुसऱ्याच्या गळ्यात घालतात. करायचं सगळीकडे एकच. रागलोभ तेवढा वेगळा.”

“मला इंग्रजी हवंय.”

“इंग्रजांना काय राग येत नव्हता?”

हे संभाषण वरच्या मजल्यावर ऐकू गेलं असावं, कारण दहा मिनिटांत निवृत्त प्राचार्य शब्दकोश काखोटीला मारून खाली आले. त्यांना निवृत्त होऊन सात वर्षं झाली होती आणि या सात वर्षांत त्यांना इंग्रजीबद्दल कोणी काहीही विचारलं नव्हतं. ते खुर्चीत बसले ते नऊपर्यंत उठले नाहीत.

“सेंड हे क्रियापद दिसायला गरीब आहे,” ते म्हणाले, “पण त्याच्यामागे केवढा गोतावळा! माणूस नुसता गावाला पाठवता येतो असं समजू नका. तो झोपेत पाठवता येतो, रागात पाठवता येतो, वेडातसुद्धा पाठवता येतो.”

“हे उदाहरण म्हणून सांगताय की आमच्याकडे बघून?” बायकोनं विचारलं.

खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर पाण्याच्या वेळेबद्दल विचारायला आले होते, तेही बसले. त्यांचं मत पडलं की इतके शब्द कशाला, दुखतो तो एक मुळासकट काढून टाकावा. प्राचार्य म्हणाले, भाषा म्हणजे दाढ नव्हे. डॉक्टर म्हणाले, दाढ दुखायला लागली की माणसाची भाषाच बदलते, मी रोज ऐकतो. या वादात चहाच्या दोन फेऱ्या झाल्या आणि अकरा शब्द निघाले.

बुधवारी मसुदनीसांनी रजा टाकून चार रंगांच्या शाईत तक्ता केला. फॉरवर्ड : बरोबरीच्या माणसाकडे, आपण हात झटकताना. सबमिट : वरिष्ठांकडे, मान खाली घालून. इश्यू : खालच्यांकडे, मान वर करून. डिस्पॅच : तातडीनं, निदान तसं दाखवत. रेमिट : रक्कम. कन्साइन : जड माल. डिलिव्हर : प्रत्यक्ष हातात. कन्व्हे : निरोप, शुभेच्छा, नाराजी. ट्रान्समिट : तारेतून किंवा यंत्रातून. रिले : एकानं दुसऱ्याला, दुसऱ्यानं तिसऱ्याला. रेफर : आपल्याला कळत नाही तेव्हा.

तक्ता झकास झाला. फक्त उजव्या अंगाला चार बोटं कागद कोरा राहिला. दुसऱ्या कोणी तो तसाच ठेवला असता. पण ज्याचा जन्म रकाने भरण्यात गेला त्याला कोरी जागा दिसली की घरात उघडा नळ ऐकू आल्यासारखं होतं. मसुदनीसांनी पट्टी घेतली, एक उभी रेघ ओढली, वर लिहिलं ‘संबंधित टेबल’ आणि खाली मनाला येईल तसं भरत गेले. डिस्पॅचपुढे जावक. रेमिटपुढे रोखपाल. कन्साइनपुढे वजनखोली. डिलिव्हरपुढे शिपाई. सबमिटपुढे मसुदा, म्हणजे ते स्वतः, कारण ते त्यांना शोभेलसं वाटलं. रेफरपुढे काही सुचेना, म्हणून मॅडमना टाकलं.

त्यांच्या कचेरीत माणसाच्या बोलण्याला किंमत नव्हती, जाहीर केलेल्या नियमालाही फारशी नव्हती. पण कागदावर ‘संबंधित टेबल’ या चार बोटांच्या जागेत जे लिहिलं जाई ते अटळ असे. एकदा पायऱ्यांवर शिरलेल्या मांजरीच्या तक्रारीवर ‘संबंधित टेबल : रोखपाल’ असं चुकून पडलं होतं. रोखपाल सहा वर्षं त्या मांजरीला दूध घालत होते. हे सगळं मसुदनीसांना ठाऊक होतं. तरी त्यांनी रेघ ओढली. रंगाच्या भरात माणसाचं असं होतं.

गुरुवारी मॅडमनी तक्ता पाहिला. “छान! मला हेच हवं होतं.” त्यांनी कोपऱ्यात ‘मान्य’ लिहून सही ठोकली. तक्ता जिन्यासमोरच्या भिंतीवर लागला. मसुदनीसांनी त्या दिवशी जिन्यावरून सहा वेळा ये-जा केली.

शुक्रवारी जावकबाईंनी सकाळच्या गठ्ठ्यातली एकवीस पत्रं त्यांच्या टेबलावर परत आणून ठेवली.

“यात डिस्पॅच एकातही नाही.”

“अहो बाई, फॉरवर्ड आहे ना? अर्थ एकच.”

“अर्थ एक असेल, टेबल एक नाही. तुम्हीच लिहिलंत, माझ्याकडे डिस्पॅच. मग बाकीच्या दहा शब्दांना मी क्रमांक का देऊ? उद्या तपासणी आली तर उत्तर कोण देणार? तुम्ही?” आणि जाता जाता, “पंचवीस वर्षं मी सगळ्यांचं सगळं पाठवलं हो. कोणी सांगितलं नाही की माझं काम एवढंच होतं म्हणून. उपकार झाले तुमचे.”

त्या जागेवर बसल्या, पिशवीतून लोकरीचं विणकाम काढलं आणि सुयांचा आवाज सुरू झाला.

शिपाईदादा निवृत्तीला दीड वर्ष उरलेले, गुडघ्यांनी त्रासलेले. ते तक्त्यासमोर बराच वेळ उभे राहिले, कोणाकडून तरी वाचून घेतलं आणि मसुदनीसांकडे येऊन त्यांनी दोन्ही हात जोडले. “साहेब, आजवर कोणी आमचं नाव भिंतीवर लावलं नव्हतं. डिलिव्हर लिहिलेलं काहीही द्या, नदी पोहून पोचवीन. बाकी मात्र मला सांगू नका. तो दुसऱ्याचा हक्क. आपण कोणाच्या ताटातलं ओढत नाही.” आणि ते स्टुलावर बसले. दुसरा मजला ते पहिला मजला अशी फाईलसुद्धा हलेना, कारण तिच्यावर ‘ट्रान्समिट’ होतं आणि ती तारेत मावत नव्हती.

सोमवारी वजनखोलीचे भांडारपाल आले. हा माणूस मितभाषी. रोज सकाळी पाच किलोच्या पितळी वजनाला मऊ फडक्यानं पुसायचं आणि संध्याकाळी त्याला पेटीत झोपवायचं, एवढाच त्याचा संसार. त्यानं कोशात पाहिलं होतं. “कन्साइन म्हणजे माल पेटीत, पेटीला कुलूप, सोबत वजनाची पावती. सुटे कागद माझ्याकडे देऊ नका.” मसुदनीस म्हणाले, कोण देतंय? तो म्हणाला, “सांगून ठेवलं.”

मंगळवारपर्यंत जिन्यावर न गेलेल्या पत्रांचे तीन ढीग झाले. एका किराणा दुकानदारानं विचारलं होतं की माझा काटा तपासायला केव्हा आणू. त्याचं उत्तर ‘कन्व्हे’ होतं आणि कन्व्हेपुढे मसुदनीसांनी घाईत ‘सर्व’ लिहिलं होतं. सर्वांनी ते पत्र एकमेकांना दाखवलं. कंटाळून दुकानदारच काटा डोक्यावर घेऊन आला आणि दुपारभर पायरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांचं सामान फुकट तोलून देत राहिला. कचेरीतलं त्या आठवड्यातलं एवढंच काम खऱ्या अर्थानं झालं.

मसुदनीस मॅडमकडे तक्ता उतरवायची परवानगी मागायला गेले.

“माझ्या सहीचा कागद? तीन दिवसांत?” मॅडमनी चष्मा काढला. “आणि मी बघते तर सगळे आपापल्या जागेवर बसलेत. व्हरांड्यात गर्दी नाही, गोंधळ नाही. नव्या घडीला वेळ द्या हो. बरं, तुमची शिफारस लिहून झाली आहे. उद्या टेबलावर येईल.”

बुधवारी दुपारी शिफारस त्यांच्या टेबलावर आली. मॅडमनी शब्द तक्त्यातून निवडला होता. वरिष्ठांकडे, मान खाली घालून : सबमिट. संबंधित टेबल : मसुदा.

आणि आपल्या स्वतःबद्दलच्या कागदाला आपण हात लावायचा नाही, हा नियम कचेरीत तक्त्यापेक्षाही जुना होता. ते पत्र जगात एकच माणूस पाठवू शकत होता, आणि त्यालाच मनाई होती.

मसुदनीस टेबलाटेबलावर फिरले. जावकबाईंनी विणकामावरून नजर न काढता सांगितलं, “तुमचं वाईट व्हावं असं मला नाही वाटत, भाऊसाहेब. पण शब्द बघा ना.” शिपाईदादांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते स्टुलावरून उठले नाहीत. “साहेब, फक्त डिलिव्हर लिहून आणा. मग बघा या गुडघ्यांची कमाल.” मॅडम म्हणाल्या, मी खाडाखोड करत नाही, आणि शब्द तुमचाच आहे.

त्या संध्याकाळी घरी बैठक बसली. प्राचार्य म्हणाले, तक्त्याला परिशिष्ट जोडा. डॉक्टर म्हणाले, मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, उपटा.

बायको म्हणाली, “अहो, वरची कचेरी बसनं पाऊण तासावर आहे. स्वतः घेऊन जा की.”

मसुदनीसांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिनं त्यांना बसचं छप्पर रंगवायला सांगितलं होतं. “एकोणीस वर्षांत मी एक कागद या टेबलावरून त्या टेबलावर नेलेला नाही. मुख्य मसुदाकार कागद वाहून नेतो, असं कुठे ऐकलंयस?”

“मुख्य मसुदाकार नाही नेत. पण तुम्ही अजून झाला कुठे आहात?”

गुरुवारी तोड सापडली, आणि सापडली ती वजनखोलीत. तपासणीला जायचं पाच किलोचं पितळी वजन शुक्रवारी सकाळी गाडीनं वरच्या कचेरीकडे निघायचं होतं; विचारणेचं पत्र ढिगात पडलं असलं तरी वरची गाडी दर वर्षीच्या तारखेला येणारच होती. कचेरीतून कन्साइन होऊन खरोखर बाहेर पडणारी तेवढी एकच वस्तू उरली होती. शिफारस त्या पेटीत घातली तर?

भांडारपालानं लिफाफा उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाला, “पेटीत जे असेल ते माझं. मला शब्दाशी देणंघेणं नाही.” त्यानं पेटी उघडली, मखमलीवर निजलेल्या वजनाशेजारी लिफाफा हळूच ठेवला आणि कुलूप लावलं. मसुदनीसांना वाटलं, याला मिठी मारावी. त्यांनी त्याच्या फडक्याला मारली.

शुक्रवारी सकाळी दहा वाजता गाडी खाली उभी राहिली आणि भांडारपालानं पावतीसाठी पेटी तोलली.

पेटीसकट वजन सात किलो चारशे ग्रॅम. गेली बावीस वर्षं दर वर्षी सात किलो चारशे. भिंतीवर तारखांसकट नोंद होती. त्या दिवशी काटा म्हणाला : सात किलो चारशे अकरा.

“अकरा ग्रॅम वाढलं,” भांडारपाल पांढराफटक पडून म्हणाला.

“अहो, तो लिफाफा आहे!”

“ते तुम्हाला माहीत, मला माहीत. पावतीला माहीत नाही. वरच्यांना वाटेल आमचं प्रमाण वजनच फुगलं. म्हणजे गेलं वर्षभर गावातल्या दुकानदारांना आम्ही खोट्या वजनानं दंड केला. भाऊसाहेब, लोक पैसे परत मागायला येतील. आमच्या दारात रांग लागेल!”

“मग लिफाफा काढा.”

“आता काढला तर वजन घटेल. एकदा काट्यावर आलेला आकडा मी खोडत नाही. पंचनामा हवा.”

पंचनाम्याला पाच माणसं लागतात. कचेरीत माणसं भरपूर होती, पण पंचनाम्याचा कागद मॅडमकडे ‘रेफर’ करावा लागत होता, आणि मॅडम त्या दिवशी, पदाला साजेसं, बाहेर गेल्या होत्या. गाडी निघून गेली. अकरा वाजले. बारा वाजले. दोन वाजता मॅडम आल्या, त्यांनी पंचनामा शब्दन्‌शब्द वाचला, एक स्वल्पविराम सुधारला आणि सही केली. अडीचला पेटी उघडली. मसुदनीसांनी लिफाफा उचलला, आणि भांडारपाल “पोच लिहून द्या, पोच!” असं ओरडेपर्यंत ते जिन्यावर होते.

ज्या जिन्यावरून ते एके काळी कौतुक बघायला सहा वेळा ये-जा करत होते, तो त्यांनी दोन-दोन पायऱ्यांनी उतरला. त्यांचा एक जोडा न गेलेल्या पत्रांच्या ढिगात अडकला. त्यांनी तो तिथेच सोडला. बसच्या वाहकानं एका पायात जोडा आणि छातीशी लिफाफा असा माणूस पाहून बसायला जागा करून दिली आणि तब्येतीची चौकशी केली.

तीन वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी ते वरच्या कचेरीच्या आवक खिडकीवर पोचले. तिथल्या कारकुनानं रजिस्टर ओढलं. “कोणी पाठवलं?”

“कोणीही नाही,” मसुदनीस धापा टाकत म्हणाले. “मी आणलं.”

कारकुनानं त्यांच्या पायाकडे पाहिलं, पुढे काही विचारू नये असं ठरवलं आणि शिक्का मारला. मोठ्या साहेबांनी आत बोलावलं. लिफाफा फोडून त्यांनी शिफारस वाचली, चष्म्यावरून मसुदनीसांना न्याहाळलं आणि अचानक उठून त्यांचा हात हातात घेतला.

“म्हणजे तो तक्ता तुमचा? अहो, तुमच्या कचेरीतून आम्हाला दिवसाला तीस-तीस पत्रं यायची. त्यांना उत्तरं द्यायला मी दोन माणसं ठेवली होती. गेला आठवडाभर एक पत्र नाही! आमची माणसं पहिल्यांदा जेवून वेळेत घरी जातायत. मी विचारच करत होतो, तिकडे एवढी सुधारणा केली कोणी?”

मसुदनीसांनी खुलासा करण्यासाठी तोंड उघडलं. मग पदाचा विचार करून मिटलं.

“तुमचं पद कायम,” साहेब म्हणाले. “अभिनंदन! आदेश आज तयार करतो आणि सोमवारी तुमच्याकडे पाठवून—”

“पाठवू नका!”

ही आरोळी आवक खिडकीपर्यंत ऐकू गेली, असं मागाहून कळलं. एकोणीस वर्षांत ज्यांनी बोलतानासुद्धा वाक्य अर्धवट सोडलं नव्हतं, ते मसुदनीस साहेबांच्या टेबलाला दोन्ही हातांनी धरून उभे होते.

“साहेब, सोमवार नको. आत्ता टंकून घ्या. मी इथेच थांबतो.”

ते थांबले. टंकलेखिकेच्या खुर्चीमागे एका पायावर भार देऊन पाऊण तास थांबले, तिनं तीन वेळा मागे वळून पाहिलं तरी थांबले. आदेश तयार झाला, सही झाली, शाई वाळायच्या आत त्यांनी तो शर्टाच्या आतल्या खिशात घातला आणि वरून बटण लावलं.

दारात पोचले तेव्हा साहेबांनी हाक मारली. “अहो, मॅडमना याची एक प्रत जायला हवी. आणि तुमच्या लेखाशाखेला एक. त्या आमचा शिपाई घेऊन—”

मसुदनीस परत फिरले आणि त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

“त्यासुद्धा द्या माझ्याकडे.”